डेंग्यू घरी काढताना : ताप उतरल्यावरचे दोन दिवस सांभाळा

पाऊस ओसरतो, ऑक्टोबरचं ऊन चटका द्यायला लागतं, पण पिंपात, गच्चीवरच्या ताडपत्रीच्या खळग्यात आणि कुंडीखालच्या बशीत साठलेलं पाणी तसंच राहतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला एवढं पुरतं. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आणि विषाणू असलेला डास चावल्यावर साधारण ४ ते १० दिवसांनी माणूस तापाने पडतो. म्हणून नवरात्रापासून दिवाळीपर्यंत घराघरात कोणी ना कोणी अंथरुणावर असतं. ‘वैद्यानां शारदी माता’, म्हणजे शरद ऋतू ही वैद्यांची आई, असं जुनी माणसं म्हणायची ते उगाच नाही.

डेंग्यूचा विषाणू मारणारं औषध नाही. बहुतेक रुग्ण घरीच बरे होतात आणि घरी करायचं काम अवघड नाही : पोटात पुरेसं पाणी जाऊ देणं, योग्य तीच गोळी देणं आणि नजर ठेवणं. घोटाळा होतो तो वेळेच्या बाबतीत. ताप १०३ असतो तेव्हा सगळं घर जागं असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, बघायला थांबलेली माणसं कामावर जातात. जास्तीत जास्त धोका नेमका तिथून सुरू होतो. हा लेख रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यासाठी आहे, कारण रुग्णाला त्या दिवसांत स्वतःकडे बघण्याचं भान नसतं.

## १. घरी ठेवता येईल का, हे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या

पहिल्या दोन दिवसांत एकदा डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. रुग्ण तोंडाने पीत असेल, उलट्या थांबत नाहीत असं नसेल, लघवी नीट होत असेल आणि कुठूनही रक्त जात नसेल, तर डॉक्टर सहसा घरी ठेवायला सांगतात.

गरोदर बाई, वर्षाच्या आतलं बाळ, वयस्कर माणूस, मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेला, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेला रुग्ण : यांच्या बाबतीत ‘घरीच बघू’ हा निर्णय स्वतःचा स्वतः घेऊ नका. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने ती मनाने बंदही करायची नाही आणि चालूही ठेवायची नाही. त्याच दिवशी विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट विचारात घ्या. घरी रात्री लक्ष द्यायला मोठं माणूस आहे का? रुग्ण खोली घेऊन एकटा राहणारा विद्यार्थी किंवा नोकरदार असेल, तर चौथ्या ते सहाव्या दिवसात त्याच्यासोबत कोणीतरी झोपायला हवं. तशी सोय नसेल तर त्याला घरी काढण्याजोगा आजार म्हणू नये.

## २. तपासणी : कोणत्या दिवशी कोणती

डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर-पाठ मोडून येणं, तोंड कडू, अन्नावरची वासना गेलेली, चेहरा लालसर, ही डेंग्यूची चाल. पण याच दिवसांत हिवतापही असतो, चिकुनगुनियाही असतो, म्हणून लक्षणांवरून नाव ठेवून मोकळं होऊ नका.

ताप सुरू झाल्यापासून पहिल्या ५ दिवसांत ‘एनएस१’ ही रक्तात विषाणूचा अंश शोधणारी तपासणी उपयोगाची. पाचव्या दिवसानंतर ‘आयजीएम’, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी. सातव्या दिवशी एनएस१ करून ‘निगेटिव्ह’ आली म्हणून डेंग्यू नाही असं समजणं ही नेहमीची चूक. उलट दुसऱ्या दिवशी आयजीएम करून काहीच कळत नाही. दहा-पंधरा मिनिटांत निकाल देणारं कार्ड आणि प्रयोगशाळेत होणारी एलायझा यांत एलायझा भरवशाची. ठरावीक सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. तिथली आयजीएमची किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतून येतात.

याबरोबर दोन तपासण्या करून घ्याच : रक्ताची पूर्ण तपासणी, म्हणजे सीबीसी, आणि हिवतापासाठी काच, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासणं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी केलेल्या सीबीसीची खरी किंमत पुढे कळते, कारण नंतरचे आकडे तिच्याशीच ताडून बघायचे असतात.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे सांगा :

- तुंबलेल्या पाण्यातून, चिखलातून चालणं झालं होतं का, गोठ्यात काम झालं होतं का. पोटऱ्या फार दुखत असतील आणि डोळे लाल असतील तर लेप्टो (उंदीर-गुरांच्या लघवीतून पसरणारा जिवाणूंचा ताप) असू शकतो, आणि त्यावर औषध लवकर सुरू व्हावं लागतं.
- गवतात, झुडपात, शेताच्या बांधावर वावर होता का. विदर्भात, विशेषतः नागपूरच्या बाजूला, २०१८ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर स्क्रब टायफसचे, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाचे, बरेच रुग्ण सापडले होते. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली आहे का, कपडे बाजूला करून बघा. ती दुखत नाही, त्यामुळे रुग्णाला स्वतःला माहीतच नसते.
- गेल्या काही वर्षांत डेंग्यू झाला होता का. विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेलेला प्रकार सहसा परत होत नाही, पण दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त जड जाण्याची शक्यता असते.

## ३. काय जवळ ठेवायचं

- डिजिटल थर्मामीटर. काखेत लावताना आधी काख पुसून कोरडी करा. घामाने आकडा कमी येतो.
- साधी पॅरासिटामॉल. लहान मुलासाठी सिरप आणि मिलीलिटरच्या खुणा असलेली सिरिंज.
- १ लिटर पाण्यासाठीचं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस, ५-६ पाकिटं.
- १ लिटरची खूण असलेली बाटली आणि २०० मिलीचा पेला. पेला मोजून घ्या. घरातला स्टीलचा पेला १५० मिलीचाही निघतो.
- मच्छरदाणी. ती रुग्णापेक्षा घरातल्या इतरांसाठी जास्त गरजेची आहे, आणि दिवसासुद्धा लावायची. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ होण्याच्या सुमाराला जास्त. ताप चढलेल्या पहिल्या चार-पाच दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी तुमच्याच घरात दुसऱ्याला पाडतो.
- रक्तदाबाचं यंत्र असेल तर उत्तम, शेजारून आणता आलं तर आणा.
- एक वही आणि पेन.

कागदांची पिशवी वेगळी करून दाराजवळ टांगा : आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याचं कार्ड, आधीचे सगळे रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, रक्तगट. भरती करावं लागलं आणि रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल, तर तिथे योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच तासाला भेटा. २४ तास चालणारं, रक्ताची तपासणी होणारं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच ठरवा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

## ४. दिवस मोजा आणि वही घाला

या आजारात सगळं दिवसावर चालतं, म्हणून मोजणी चुकवू नका. ताप चढला तो क्षण धरा. सोमवारी रात्री ९ ला हुडहुडी भरली, तर मंगळवार रात्री ९ पर्यंत पहिला दिवस. चौथा दिवस गुरुवारी रात्री सुरू होतो आणि सहावा रविवारी रात्री संपतो. म्हणजे जपायचे दिवस साधारण शुक्रवार, शनिवार, रविवार. रविवारी दवाखाना आणि लॅब बंद असेल, तर शुक्रवारीच डॉक्टरांना विचारून ठेवा की रविवारी कुठे जायचं.

डॉक्टर ‘ताप कधीपासून?’ विचारतात तेव्हा ‘तीन-चार दिवस झाले असतील’ हे उत्तर त्यांना काही उपयोगाचं नाही. वहीत वार आणि वेळ लिहिलेली दाखवा.

नोंद अशी असावी, लांबलचक नको :

सकाळी ७ : १०२.२. गोळी दिली. पेज १ वाटी, ओआरएस १ पेला. लघवी झाली, पिवळी.
सकाळी ११ : १००.६. शहाळं १, ताक १ पेला. लघवी झाली, फिकट. एक उलटी.

उलटी, जुलाब, रक्त, पुरळ जे काही दिसेल ते वेळेसह. पाळी चालू असेल तर पॅड किती लागले तेही. डेंग्यूत पाळी लवकर येणं किंवा नेहमीपेक्षा जास्त जाणं होतं, आणि बाई ते सांगायला संकोचते. विचारा.

## ५. पाणी : हेच औषध आहे

मोठ्या माणसाला दिवसभरात साधारण अडीच ते तीन लिटर पातळ पदार्थ पोटात गेले पाहिजेत. म्हणजे २०० मिलीचे १२ ते १५ पेले. मुलांसाठी हिशेब वजनावर : पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोंना किलोमागे ५० मिली, त्यावरच्या प्रत्येक किलोला २० मिली. १५ किलोच्या मुलाला १,००० अधिक २५०, म्हणजे सव्वा लिटर. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर हे आकडे लागू नाहीत. त्यांना डॉक्टर सांगतील तेवढंच.

नुसतं साधं पाणी पाजत राहणं ही मोठी चूक. घाम, उलटी यांतून मीठ जातं, आणि वरून फक्त पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम आणखी खाली येतं. रुग्ण गळून जातो, गोंधळल्यासारखा बोलतो. निम्म्याच्या वर भाग ओआरएस, तांदळाची मीठ घातलेली पेज, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, डाळीचं पाणी, शहाळं यांचा असू द्या.

ओआरएसचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात एकदम मिसळायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं की प्रमाण चुकतं. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. दुकानात ओआरएससारखी वाटणारी गोड पेयं खोक्यात मिळतात. ती ओआरएस नाहीत, साखर जास्त आणि मीठ कमी असतं. पाकीट मिळालंच नाही, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मिठाचा हात सैल सोडू नका. तयार मिश्रण डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून नवीन करा.

मळमळ असेल तर पेला तोंडाला लावायला देऊ नका. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांना एक-एक चमचा. तासाभरात असे वीस-पंचवीस चमचे बसले, म्हणजे १०० मिलीच्या वर गेलं. हे कंटाळवाणं काम आहे, आणि पुष्कळदा यावरच सलाईन टळतं.

मधुमेही रुग्णाला सरबतं आणि शहाळी मोजून द्या, ताक आणि डाळीच्या पाण्यावर भर ठेवा, आणि साखर घरी तपासत राहा.

पाणी पुरतंय की नाही हे लघवी सांगते. दर ४ ते ६ तासांनी एकदा, फिकट पिवळी. गडद, चहासारखी, थोडी थोडी होत असेल तर कमी पडतंय. सहा तासांत झालीच नाही, तर वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा.

## ६. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल

मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी. दोन गोळ्यांत किमान ६ तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाहीत. मुलाला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, हेच अंतर, हीच मर्यादा. डेंग्यूत यकृताला आधीच सूज असते, त्यामुळे ‘ताप उतरत नाही म्हणून आणखी एक’ हा प्रकार घातक. यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल, तर मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या.

सिरपची बाटली हातात घेतली की तिच्यावरचा आकडा वाचा. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप असतं, २५० चंही असतं, आणि बाळांचे थेंब १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे असतात. १२ किलोच्या मुलाला १२० मिलिग्रॅम द्यायचं, तर पहिल्यातून ५ मिली, दुसऱ्यातून २.४ मिली आणि थेंबातून १.२ मिली. जुनी बाटली संपून नवी आणली आणि चमचा तोच ठेवला की मात्रा दुप्पट होते. असे घोटाळे घरोघर होतात. सर्दी-खोकल्याच्या गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही एकत्र देऊ नका.

काय द्यायचं नाही : आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन. अंगदुखीने जीव नकोसा होतो आणि औषधाच्या दुकानात ‘स्ट्राँग दे’ म्हटलं की यातलीच एखादी, बऱ्याचदा पॅरासिटामॉलबरोबर जोडलेली, हातात पडते. या गोळ्यांनी पोटाच्या आतल्या आवरणाला इजा होते आणि रक्तस्राव होऊ शकतो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा. स्टिरॉइड आणि कमरेत सुई, दोन्ही टाळा. प्लेटलेट कमी असताना सुईच्या जागी रक्त साकळतं. विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

गोळीच्या मधल्या वेळेत अंग पुसायचं तर कोमट पाण्याने. बर्फाचं पाणी अंगाला लागलं की हुडहुडी भरते आणि आतला ताप वाढतो. ताप ९९ वर आणायचा हट्ट नको. १०१ वर रुग्ण पाणी पीत असेल, बोलत असेल, तर पुरे.

## ७. खाणं

मऊ भात, मुगाचं वरण, खिचडी, नाचणीची आंबील, केळं, दही-भात. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. नवरात्राचे उपास या वर्षी रुग्णाने धरू नयेत, पाण्यावरचे तर मुळीच नाहीत.

एक काळजी मात्र घ्या : बीट, डाळिंबाचा रस, कोकम सरबत, कलिंगड, लाल रंगाची पेयं हे आठ-दहा दिवस बाजूला ठेवा. ते वाईट नाहीत. पण उलटीत किंवा शौचात तोच लाल-काळा रंग उतरला की रक्त आहे की सरबत हे रात्री दोन वाजता कोणालाच सांगता येत नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, त्या थांबवण्याबद्दल विचारून घ्या.

## ८. ताप उतरल्यावरचे ४८ तास

गोळी न देता ताप १००.४ च्या खाली राहिला, तिथून घड्याळ लावा. गोळीच्या जोरावर दोन तास ९९ दिसला तो धरायचा नाही.

या काळात काय होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं लक्षात राहतं. काही रुग्णांत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपून पोटात आणि फुप्फुसांभोवती साठतं. वाहिन्यांत उरलेलं रक्त घट्ट होतं, कमी पडतं, आणि रक्तदाब कोसळू शकतो. ही गळती साधारण २४ ते ४८ तास चालते आणि आपोआप थांबते. तेवढा वेळ निभावून नेणं, एवढंच काम. बहुतेकांत गळती किरकोळ असते, पण कोणात जास्त होईल हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांकडे सारखंच लक्ष द्यायचं.

दर चार तासांनी, रात्रीही गजर लावून, हे करा. रुग्णाच्या हाताचा आणि पायाचा पंजा आपल्या हातात घ्या. कपाळ गार आहे आणि तळवेही गार, ओलसर आहेत, तर ती सुधारणा नाही. मग त्याचा हात छातीच्या उंचीवर धरून अंगठ्याचं नख पाच सेकंद दाबा. नख पांढरं पडेल. सोडा. दोन सेकंदांत, म्हणजे ‘एक-दोन’ म्हणेपर्यंत, गुलाबी रंग परत यायला हवा. खोलीत उजेड हवा आणि नेलपॉलिश काढलेलं हवं. आधी स्वतःच्या नखावर करून बघा, म्हणजे फरक ओळखता येतो.

रक्तदाबाचं यंत्र असेल तर वरचा आकडा बघून खूश होऊ नका. वरच्यातून खालचा वजा करा. १२०/८० असेल तर फरक ४०. १००/८० आला तर फरक २०. वरचा शंभर दिसतोय म्हणून घरचे निश्चिंत असतात, पण २० किंवा त्याहून कमी फरक म्हणजे रक्ताभिसरण ढासळतंय. तेव्हा एक मिनिटही घरी थांबायचं नाही.

पुढचं काहीही एक दिसलं तरी, रात्र असो की सण, रुग्णालयात न्या :

- पोटात सतत दुखणं, दाबल्यावर जास्त
- २४ तासांत तीन किंवा जास्त उलट्या, किंवा पाजलेलं काहीच न टिकणं
- नाक, हिरड्या, लघवी, उलटी, शौच यांतून रक्त. डांबरासारखं काळं शौच
- खूप झोपाळू होणं किंवा उलट, तळमळ, चिडचिड, असंबद्ध बोलणं
- उठून बसताना चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी
- धाप लागणं, पोट फुगणं
- हातपाय गार, सहा तास लघवी नाही

मुलांच्या बाबतीत ‘शांत झोपलाय’ या वाक्यापासून सावध राहा. तापाने चार दिवस रडलेलं मूल अचानक फार शांत झालं, हाक मारली तरी नुसतं बघतं, दूध-पाणी नको म्हणतं, तर त्याला उठवून बसवा आणि वरची तपासणी करा.

न्यायचं ठरलं तर दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका. चक्कर येऊन पडतात. आडवं झोपवून न्या, वही आणि कागदांची पिशवी बरोबर घ्या.

## ९. ‘पेशी’ किती?

आपल्याकडे ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असं सर्रास म्हणतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशीही उतरतात, पण लोकांना म्हणायच्या असतात त्या प्लेटलेट, म्हणजे बिंबाणू. त्या दीड लाख ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या ८०–९० हजारांवर येणं नेहमीचं आहे, आणि त्या आकड्याने घाबरून रक्तपेढीकडे धावण्याचं कारण नाही. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवायची गरज सहसा पडत नाही. रक्तस्राव असेल तर मात्र आकडा कितीही असो, निर्णय वेगळा.

त्याच कागदावर दुसरी ओळ असते, ‘हिमॅटोक्रिट’ किंवा ‘पीसीव्ही’, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के. ती कोणी बघत नाही, आणि बघायची तीच. पहिल्या रिपोर्टात ४० होता आणि पाचव्या दिवशी ४८ झाला, तर २० टक्क्यांची वाढ झाली. म्हणजे रक्त घट्ट झालंय, पाणी बाहेर झिरपतंय. प्लेटलेट वेगाने उतरतायत आणि हा आकडा चढतोय, अशी जोडी दिसली की फोनवर विचारत बसू नका, रुग्णाला घेऊन जा.

तिसऱ्या दिवसापासून ताप जाऊन दोन दिवस होईपर्यंत डॉक्टर सहसा रोज सीबीसी सांगतात. दरवेळी एकाच लॅबमध्ये करा. यंत्रायंत्रांत फरक येतो. प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या तर यंत्र कमी मोजतं. रुग्ण ठीक आहे आणि आकडा अचानक फार खाली आला, तर काचेवर पाहून मोजायला सांगा.

पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध यांचा दर सप्टेंबरपासून चढतो. पपईच्या पानांनी प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे, पण त्याने गळती थांबते किंवा धोका टळतो असं सिद्ध झालेलं नाही. कडू रसाने उलट्या झाल्या तर पोटातलं पाणी जातं, आणि तो तोटा खरा असतो. शेळीचं कच्चं दूध मुळीच नको, त्यातून ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा ताप होऊ शकतो. किवी परवडत असेल तर फळ म्हणून खा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर प्लेटलेट आपण होऊन चढतात, आणि श्रेय त्या दिवशी जे दिलं होतं त्याला मिळतं.

## १०. बरं होताना

भूक लागते, लघवी भरपूर होते, आणि हातापायांवर लाल पुरळ उठतं, त्यात मध्येमध्ये पांढरे ठिपके सुटलेले असतात. तळहात आणि तळपाय रात्री विलक्षण खाजतात. ही ॲलर्जी नाही, आजार ओसरत असल्याची खूण आहे, दोन-चार दिवसांत जातं. खोबरेल तेल लावा, गार पाण्यात हात बुडवा.

इथे पाण्याचं धोरण बदला. बाहेर झिरपलेलं पाणी आता परत रक्तात येत असतं. म्हणून तहानेपुरतं द्या, आग्रहाने लिटरवर लिटर पाजू नका, आणि ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावून द्या’ असा हट्ट तर धरूच नका. या टप्प्यात चढवलेलं जास्तीचं सलाईन फुप्फुसांत उतरू शकतं.

गोळीशिवाय ४८ तास ताप नाही, जेवण जातंय, प्लेटलेट चढतायत, तेव्हा घरात हिंडाफिरायला हरकत नाही. थकवा दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त राहतो. जिना चढून धाप लागते, मन उदास राहतं. कामावर पहिला आठवडा अर्धा दिवस जमलं तर बघा. दिवाळीची साफसफाई, माळ्यावर चढणं, जड भांडी उतरवणं हे या वर्षी दुसऱ्याने करावं. दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळायला लागले तर घाबरू नका. मोठ्या तापानंतर असं होतं आणि केस परत येतात.

सगळे रिपोर्ट एका पाकिटात घालून वर ‘डेंग्यू’ आणि महिना-वर्ष लिहून ठेवा. पुढच्या वेळी ताप आला की ते पाकीट पहिल्या भेटीतच डॉक्टरांसमोर ठेवायचं आहे.

## ११. घरातलं पाणी

रुग्ण अंथरुणावर असतानाच कोणीतरी एकाने हे हातात घ्यावं. फ्रिजच्या मागचा ट्रे, बंद करून ठेवलेला कूलर, एसीच्या पाण्याची बादली, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचे टायर, नारळाच्या करवंट्या. आठवड्यातला एक वार कोरडा ठरवा, त्या दिवशी सगळी भांडी रिकामी.

नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. एडिसची अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला काळ्या बारीक ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात, आणि पुढच्या वेळी पिंप भरलं की त्यातून अळ्या निघतात. म्हणून पिंपाच्या आत हात घालून पाण्याच्या रेषेवरची चार बोटांची पट्टी काथ्याने किंवा ताराच्या घासणीने जोर लावून घासा. ते पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर किंवा तापलेल्या फरशीवर ओता, पिंप दिवसभर उन्हात पालथं घाला, आणि परत भरलं की तोंडाला जुन्या सुती साडीचा दुहेरी कपडा दोरीने घट्ट बांधा.